पारदर्शक भांडे आणि गरम वाटण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मराठ्यांच्या उत्तरेतील मोहिमाही झाल्या. इतक्या भारदस्त विषयांनंतर मिक्सरच्या भांड्याविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे पंगतीत बासुंदी वाढून झाल्यावर मिठाची वाटी फिरविण्यासारखे आहे. परंतु विषय महिला शाखेने सुचविला आणि तो सुचविण्यामागे कारण आहे. आपल्या बोकारोच्या वसाहतीत गेल्या काही वर्षांत अनेक घरांतील ओट्यांवर मोठ्या शक्तीची नवी यंत्रे येऊन बसली आहेत. कोणाच्या मुलाने बेंगळुरूहून पाठविली, कोणाच्या लेकीने परदेशातून आणली. त्यांचे भांडे उंच, पारदर्शक आणि प्लास्टिकचे असते. त्यात नातवंडाची पेज, उकडलेले गाजर किंवा टोमॅटोचे गरम सार फिरवावे की नाही, यावरून सासू-सुनांत मतभेद आहेत. सासूबाई म्हणतात, आपले स्टीलचे भांडे बरे. सूनबाई म्हणतात, यावर ‘बीपीए-फ्री’ असे स्वच्छ लिहिले आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात पॉलिमरचे रसायनशास्त्र शिकवीत आले, म्हणून हा खटला माझ्यापुढे आला आहे.

प्रथम हे भांडे प्लास्टिकचे का झाले ते पाहू. ज्याला जग ब्लेंडर म्हणते, त्याचे भांडे सुरुवातीला काचेचे असे. अमेरिकेत १९३७ साली बाजारात आलेल्या वेअरिंगच्या यंत्राचे भांडे काचेचेच होते. आपल्याकडची गोष्ट निराळी. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने पत्नीचे जर्मन बनावटीचे मिक्सर भारतीय वाटणापुढे जळाले म्हणून स्वतःच नवे यंत्र घडविले आणि त्यातून ‘सुमीत’ जन्माला आले, हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ओले खोबरे, भिजवलेली डाळ, सुकी मिरची या गोष्टींपुढे काच टिकणार नाही, म्हणून आपल्या मिक्सरने स्टीलचे भांडे पत्करले. प्लास्टिक राहिले ते फक्त झाकणात आणि रस काढण्याच्या भांड्यात.

अमेरिकेतही एका कंपनीने हाच मार्ग धरला होता. ओहायो राज्यातील क्लीव्हलंडजवळच्या व्हिटामिक्स कंपनीने १९६९ साली असे यंत्र काढले की ज्यात धान्य दळता येई, बर्फ फोडता येई आणि केवळ पात्याच्या घर्षणाने गरम सूपही करता येई. त्याचे भांडे स्टीलचे होते. पुढे मात्र गिऱ्हाइकाला आत काय चालले आहे ते दिसावे, भांडे हलके असावे, हातातून पडले तरी फुटू नये, अशी मागणी आली. मोठ्या शक्तीच्या यंत्रात काच धोक्याची असते, कारण आत चुकून राहिलेला चमचा काचेवर आदळला तर काय होईल याची कल्पना आपण करू शकता. म्हणून पॉलिकार्बोनेट आले.

पॉलिकार्बोनेट हा गुणी पदार्थ आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनिएल फॉक्स या दोघांना तो स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी सापडला. काचेसारखा स्वच्छ, आणि हातोडा मारला तरी सहसा न फुटणारा. कारखान्यातील संरक्षक चष्मे त्याचे असतात आणि कचेरीतील वीस लिटर पाण्याच्या जारांपैकी पुष्कळ त्याचेच. तो मऊ पडायला सुमारे दीडशे अंश तापमान लागते. तेव्हा ‘गरम आमटीने भांडे वितळेल’ ही भीती कोणी बाळगू नये. भांडे वितळत नाही. अडचण निराळीच आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पॉलिकार्बोनेटची साखळी ज्या कड्यांची बनते त्यांतील मुख्य कडी म्हणजे बिस्फेनॉल-ए, ज्याला आता सर्वत्र बीपीए म्हणतात. हा पदार्थ १८९१ मध्ये दियानिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केला. १९३६ मध्ये लंडनला एडवर्ड चार्ल्स डॉड्स कृत्रिम स्त्री-संप्रेरकाच्या शोधात होते. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत बीपीए होता आणि तो शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे, दुबळे का होईना, काम करतो हे त्यांनी नोंदविले. म्हणजे या द्रव्याचा हा स्वभाव त्याचे प्लास्टिक होण्यापूर्वी सतरा वर्षे छापून आलेला होता. प्लास्टिकवाल्यांनी तो वाचला नाही असे नाही. साखळीत घट्ट बांधलेली कडी सुटणार नाही, असा त्यांचा विश्वास होता.

ती कडी सुटते हे जगापुढे कसे आले, ती हकिगत थोडी सविस्तर सांगते. ऑगस्ट १९९८. पुन्हा तेच क्लीव्हलंड शहर. तेथील विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या संशोधिका उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करीत होत्या. निरोगी उंदरांच्या बीजांडांत एक विशिष्ट दोष एरवी शेकडा एक-दोन इतकाच आढळे. तो अचानक शेकडा चाळीसपर्यंत चढला. अन्न तपासले, हवा तपासली. अखेर कारण सापडले ते धुण्याच्या खोलीत. उंदरांचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या, आणि कोणी तरी त्या फरशी धुण्याच्या जहाल अल्कधर्मी द्रावणाने धुतल्या होत्या. प्लास्टिक धुरकट झाले होते आणि त्यातून बीपीए पाझरत होता. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि तेथून बाळांच्या बाटल्यांवरचा वाद पेटला.

त्याच राज्यातील सिनसिनाटी विद्यापीठातून २००८ मध्ये दुसरा निष्कर्ष आला. पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत थंड पाणी ठेवले तर नव्या आणि अनेक वर्षे वापरलेल्या बाटल्यांत फारसा फरक पडत नाही. परंतु उकळते पाणी ओतले की बीपीए सुटण्याचा वेग पंधरापासून पंचावन्न पटींपर्यंत वाढतो. यंत्र ओहायोचे आणि त्याच्या भांड्यावरचा आक्षेपही ओहायोचा, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. वर्षानुवर्षे वापरल्याने ते भांडे केवळ जुने होते असे नाही. उष्णता, सोड्यासारखे अल्कधर्मी द्रव्य आणि ओरखडे हे पॉलिकार्बोनेटचे खरे शत्रू आहेत, आणि तिन्ही आपल्याकडे हजर असतात. भांडी घासायला येणारी बाई धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी वापरते. बर्फ आणि सुके धान्य आतून ओरखडे पाडतात. आणि उष्णतेचे म्हणाल तर मोठ्या शक्तीचे यंत्र स्वतःच शेगडी असते. दीड लिटर पाणी तीस अंशांवरून ऐंशीवर न्यायला सुमारे तीन लाख पंधरा हजार जूल उष्णता लागते. पात्यातून हजार वॅट शक्ती पाण्यात उतरत असेल तर हे काम सव्वापाच मिनिटांत होते. ‘सहा मिनिटांत गरम सूप’ ही जाहिरात म्हणूनच खोटी नाही. साध्या मिक्सरमध्ये आपण वाटण एक-दोन मिनिटे फिरवतो आणि थांबतो. या यंत्रात थांबायचे कोणी सांगितलेले नसते.

आपल्या वाटणाकडेही एकदा रसायनशास्त्राच्या नजरेने पाहा. कांदा-खोबरे तेलावर परतून, गरम असतानाच भांड्यात टाकायचे. त्यात तेल, तिखट, हळद आणि कधी चिंच. अमेरिकन माणूस ज्या भांड्यात थंड दूध आणि केळे फिरवतो, त्याच भांड्यावर आपण हा सर्व प्रकार सोपवितो. एकदा असे वाटण केले की भांडे पिवळे पडते आणि मग उन्हात ठेवल्याशिवाय ते जात नाही, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि प्लास्टिकच्या अंगात शिरतो. लसणाचा वासही तसाच शिरतो. म्हणजे प्लास्टिक ही काचेसारखी बंद भिंत नसून रेणूंना थोडीफार ये-जा करू देणारी वस्तू आहे, हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. त्यामुळे लगेच अपाय होतो असे मात्र मी म्हणत नाही.

मग अपाय होतो तरी किती? येथे मोठमोठ्या संस्थांचे एकमत नाही, आणि हे मतभेद लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितले की, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला चार मायक्रोग्रॅमपर्यंत बीपीए चालेल. त्याच संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये ही मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे एकदम वीस हजार पटींनी खाली. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटले नाही. तिने स्वतःचा आकडा दिला तो २०० नॅनोग्रॅमचा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सध्याच्या प्रमाणात धोका नाही असेच म्हणत आले आहे. मात्र बाळाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरण्याची परवानगी त्यांनीही २०१२ मध्ये काढून घेतली.

हे आकडे डोक्यावरून जाऊ नयेत म्हणून आठ किलोचे एक बाळ घेऊ. युरोपच्या जुन्या हिशेबाने त्याला दिवसाला बत्तीस हजार नॅनोग्रॅम चालत. जर्मन हिशेबाने सोळाशे. युरोपच्या नव्या हिशेबाने दीडहून किंचित अधिक. सिनसिनाटीच्या प्रयोगात उकळत्या पाण्यानंतर बाटलीतून तासाला सुटलेला बीपीए आठ ते बत्तीस नॅनोग्रॅम होता. तीच बाटली एका हिशेबाने निर्दोष ठरते आणि दुसऱ्या हिशेबाने मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाते. तज्ज्ञ भांडत असताना आजीने काय करावे? ज्या गोष्टीवाचून काही अडत नाही, ती बाळाच्या वाट्याला येऊ देऊ नये. माझे मत असे सरळ आहे, आणि कायदाही हळूहळू तेथेच आला. कॅनडाने २००८ मध्ये बाळांच्या बाटल्यांपासून आरंभ केला, युरोपने २०११ मध्ये. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकात दूध पाजण्याच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वर्ज्य ठरविले. युरोपीय संघाने तर डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढून टाकण्याचाच नियम केला, तो जानेवारी २०२५ पासून संक्रमणकाळासह अमलात आला. बाटली वर्ज्य, पण त्याच बाळाची पेज ज्यात फिरते ते भांडे मात्र चालते, हे तर्काला धरून नाही.

आता सूनबाईंची बाजू. तिच्या भांड्यावर ‘बीपीए-फ्री’ आहे आणि ते बहुधा खरे आहे. अमेरिकेतील ईस्टमन कंपनीने २००७ मध्ये ट्रायटन नावाचे नवे प्लास्टिक बाजारात आणले. ते पॉलिएस्टरच्या कुळातले आहे, आणि त्याच्या साखळीत बिस्फेनॉल नावाची कडीच नाही. चांगल्या कंपन्यांची मोठ्या शक्तीची यंत्रे आता याच प्लास्टिकची भांडी देतात. त्यावरही आक्षेप आला. टेक्सासमधील एका प्रयोगशाळेने २०११ मध्ये, बीपीए नसलेली पुष्कळ प्लास्टिकेही संप्रेरकासारखी द्रव्ये सोडतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ईस्टमनने न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. तथापि न्यायालयाने निवाडा दिला तो जाहिरातीतील विधानांवर. रसायनशास्त्राचे निकाल ज्यूरीकडून लागत नसतात. माझ्यापुरते सांगायचे तर थंड पदार्थांसाठी ट्रायटनचे भांडे वापरायला मला संकोच वाटत नाही. मात्र ते सुमारे एकशे दहा अंशांना मऊ पडते, म्हणजे पॉलिकार्बोनेटपेक्षा आधी. उकळत्या पदार्थाला ते पुरते, पण कढईतून थेट ओतलेली फोडणी त्याच्यासाठी नाही.

‘बीपीए-फ्री’ या शब्दांविषयी एक सावधगिरी हवी. भांड्यात काय नाही ते या शब्दांतून कळते. काय आहे ते कळत नाही. काही बाटल्या पॉलिइथरसल्फोन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्यात बीपीए नसतो, पण त्याचा सख्खा भाऊ बिस्फेनॉल-एस साखळीत असतो. दूधवाला ‘पाणी घातले नाही’ म्हणाला तर आपण ‘मग काय घातले?’ असे विचारतो ना, तोच प्रश्न येथे विचारावा. तळाशी त्रिकोणात ७ हा आकडा असेल तर त्याचा अर्थ ‘इतर’ एवढाच. पॉलिकार्बोनेटही सातच आणि ट्रायटनही सातच. तेव्हा माहितीपत्रकात प्लास्टिकचे नाव शोधावे. नाव दिलेच नसेल तर ते भांडे लिंबूसरबतासाठी ठेवावे.

भांड्याच्या भिंतीवर इतका वाद होतो, पण तळाशी कोणी पाहत नाही. पात्याच्या दांड्याभोवती एक सील असते आणि काही यंत्रांत ते टेफ्लॉनच्या जातीचे असते. व्हिटामिक्सच्या काही भांड्यांत या सीलचे काळे कण पदार्थात उतरतात, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. कण निरुपद्रवी आहेत असे कंपनीचे म्हणणे होते. असतीलही. पण पांढऱ्या दह्यात काळे कण दिसल्यावर पाते बदलून घेणे हेच बरे, आणि आपल्या स्टीलच्या भांड्यालाही हा नियम लागू आहे.

आता ज्या धोक्याबद्दल मतभेद नाहीत, त्याकडे येते. मला वाटते, बीपीएच्या चर्चेत आपण तो विसरतो. बाजारात लहान, उलटी बसवायची, पूर्ण बंद भांडी असलेली यंत्रे आली आहेत. त्यांना वाफ जायला वाट नसते. असे भांडे थंड असताना बंद केले आणि आतला पदार्थ घर्षणाने ऐंशी अंशांपर्यंत तापला, तर आतली हवा फुगते, वाफ होते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला किमान सहाशे ग्रॅमने वाढतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर हा भार तीस किलो होतो. प्रेशर कुकरच्या दाबाच्या निम्म्याहून हा अधिक आहे, आणि येथे शिट्टी नाही की सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. भांडे पिळून उघडले की आतला ऊन पदार्थ तोंडावर आणि हातावर येतो. अमेरिकेत अशा भाजण्यावरून अनेक दावे झाले आहेत. अशा बंद भांड्यात गरम पदार्थ कधीही घालू नये आणि थंड पदार्थही एक मिनिटाहून जास्त सलग फिरवू नये. उंच भांड्याच्या झाकणात मधली टोपी असते, ती वाफेसाठी असते. गरम सार फिरवताना भांडे अर्ध्यापेक्षा कमी भरावे, वेग अगदी कमी ठेवून सुरुवात करावी आणि झाकणावर दुहेरी फडके धरावे.

तेव्हा सासू-सुनांच्या खटल्यात माझा निवाडा मागितलात तर तो असा. ताक, लस्सी, सरबत, थंड फळे या गोष्टी ट्रायटनच्या भांड्यात खुशाल कराव्यात. बाळाची पेज, गरम सार, परतलेले कांदा-खोबरे स्टीलच्या भांड्यात. पेज थोडी निवू दिली तर पात्रावरचा वादच संपतो. जुने पॉलिकार्बोनेटचे भांडे धुरकट झाले असेल, आतून ओरखडे पडले असतील, तर ते काढून टाकावे. तोवर ते मऊ फडक्याने, साध्या भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्यात धुवावे. सोडा नको. स्टील सर्वस्वी निर्दोष आहे असेही मी म्हणत नाही. आंबट पदार्थ त्यात तासन् तास ठेवला तर थोडे निकेल उतरते, आणि ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी एवढे जपावे. पोलादाच्या गावात राहून स्टीलची तरफदारी करते म्हणून पक्षपात समजू नका. आपल्या कारखान्यात निघते ते साधे पोलाद, भांड्यांचे नव्हे. स्टेनलेस स्टील निघते ते तमिळनाडूत सेलमला. व्हिटामिक्स कंपनीही आता पारदर्शक भांड्याबरोबर पुन्हा स्टीलचे भांडे विकू लागली आहे, म्हणजे सासूबाईंचे म्हणणे ओहायोपर्यंत पोहोचले म्हणायचे.

माझ्याकडे आलेली शेवटची चिठ्ठी अशी आहे की, मुलगा डिसेंबरमध्ये शिकागोहून येणार, त्याच्याबरोबर असे यंत्र मागवावे काय? मागवू नये. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. सरळ खटक्याला लावले तर मोटर काही क्षणांत जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर चौदाशे वॅटच्या यंत्राला निदान दोन हजार व्होल्ट-अँपिअरचा हवा. तो यंत्रापेक्षा जड असतो, आणि ओट्यावर ठेवायला जागा नाही म्हणून अखेर खाली फरशीवर, पाण्याच्या बादलीशेजारी जाऊन बसतो.